उसनें बळ आणि स्नायूंची स्मृति

शरीर कमावण्याची हौस ही तारुण्याची शोभा आहे, आणि ती विद्यार्थिवर्गांत दिसून येते याबद्दल आम्हांस समाधानच वाटतें. परंतु अलीकडे कित्येक व्यायामशाळांतून या हौसेच्या पाठोपाठ एक अनिष्ट वस्तूही आंत शिरूं लागली आहे. ती म्हणजे स्नायु वाढविणारीं स्टेरॉइड जातीचीं औषधें. गोळी अथवा सुई पुढें करणारा मनुष्य बहुधा असें सांगतो कीं, "चार महिने घे, अंग भरलें म्हणजे सोडून दे; सोडल्यावर शरीर पुन्हां पूर्वीसारखें होतें." या एका वाक्यावर मुलें फसतात, म्हणून त्याचाच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. हीं औषधें निष्फळ नाहींत. टेस्टोस्टेरॉन हें द्रव्य पुरुषाच्या शरीरांत स्वभावतःच उत्पन्न होतें. १९३५ सालीं बुटेनांट व रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि कांहीं रोगांत डॉक्टर आजही त्याचा योग्य उपयोग करतात. १९९६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ज्या पुरुषांस दहा आठवडे त्याची मोठी मात्रा दिली, त्यांचे स्नायु व्यायामावांचूनही वाढले. तेव्हां "औषधानें कांहींच होत नाहीं" असें मुलांस सांगणारी वडील मंडळी त्यांचा विश्वास मात्र गमावून बसतात.

मग "सोडल्यावर सर्व पूर्ववत् होतें" हें तरी खरें काय? तेंही नव्हे. स्नायूच्या प्रत्येक तंतूंत अनेक केंद्रकें असतात, व तंतूच्या वाढीचा कारभार तीं पाहतात. या औषधांनीं तंतूलगतच्या पेशी त्यांत मिसळून केंद्रकांची संख्या वाढते. नॉर्वेंतील ऑस्लो येथील संशोधकांनीं २०१३ सालीं उंदरांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा दिवस औषध देऊन तें थांबविल्यावर स्नायु पूर्वीएवढे लहान झाले. पण वाढलेलीं केंद्रकें तीन महिने तशींच राहिलीं. त्यानंतर स्नायूंवर भार घालतांच ते सहा दिवसांत सुमारें तीस टक्क्यांनीं वाढले. औषध न घेतलेल्या उंदरांत त्या मुदतींत म्हणण्यासारखी वाढ झाली नाहीं. उंदरावरून मनुष्याविषयीं एकदम सिद्धान्त बांधणें योग्य नव्हे. तथापि स्नायु अशी स्मृति बाळगीत असेल, तर बंदीची मुदत भोगून परतलेला खेळाडू आणि प्रामाणिक खेळाडू हे एकाच रेषेवरून धांवतात असें म्हणतां येणार नाहीं.

येथें एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "मग हा तर टिकाऊ लाभच झाला!" त्यास आमचें उत्तर असें कीं, हृदय हाही स्नायूच आहे. दंड-मांड्यांस वाढविणारें औषध हृदयास वगळून जात नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंत १४० अनुभवी वजन उचलणारांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ८६ जणांनीं हीं औषधें दीर्घकाळ घेतलेलीं होतीं. त्यांच्या हृदयाची रक्त पुढें ढकलण्याची शक्ति इतरांहून कमी आढळली, आणि जितकीं वर्षें औषध अधिक, तितकी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील विकृतिही अधिक. शिवाय बाहेरून द्रव्य मिळूं लागलें म्हणजे शरीर आपलें द्रव्य करणें थांबवितें. औषध सोडल्यावर तें पुन्हां सुरू होण्यास कित्येकांस महिनेच्या महिने लागतात. त्या काळांत कमावलेलें अंग उतरतें व मनही खचतें. वाढत्या वयाच्या मुलांत तर हाडांचीं टोकें वेळेपूर्वींच सांधून उंची कायमची खुंटते.

पालकांनीं पूर्व जर्मनीचा इतिहास अवश्य लक्षांत ठेवावा. १९७४ पासून त्या राज्याच्या सरकारनें आपल्या खेळाडूंस हीं औषधें योजनापूर्वक दिलीं. त्यांत शाळकरी वयाच्या मुलीही होत्या. जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून त्या त्यांच्या हातावर ठेवल्या जात. आईबापांस पत्ता नसे. पदकें पुष्कळ आलीं. परंतु कित्येक मुलींचे आवाज घोगरे झाले, आणि कित्येकींच्या वांट्यास जन्माचीं दुखणीं आलीं. २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें तेथील क्रीडाप्रमुख एवाल्ड व डॉक्टर ह्योप्नर यांस दोषी ठरविलें, पण गेलेलें आरोग्य कोणतें न्यायालय परत देणार?

तेथें सरकारनें फसविलें. येथें ओळखीचा एखादा मनुष्य फसवितो, एवढाच भेद. म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, मुलगा व्यायामास जातो एवढ्यावर संतुष्ट न राहतां तो काय खातो, काय टोंचून घेतो, आणि हें त्यास कोण आणून देतो, याची मायेनें चौकशी करावी. धाकानें केल्यास उत्तर खरें मिळणार नाहीं. ज्यानें औषध सुरूच केलें असेल, त्यास रागावण्यापूर्वीं डॉक्टरांकडे न्यावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, जोर, बैठका, दूध, भाकरी, उसळ आणि पुरी झोंप यांनीं मिळणारें बळ सावकाश येतें हें खरें. पण तें तुमचें स्वतःचें असतें, आणि त्यापायीं तुमच्या हृदयास पुढें कांहीं फेडावें लागत नाहीं.