वाचकांस एक शिफारस

चांगलें पुस्तक सांगा म्हटलें, कीं आमचे वाचकबंधु मनोरंजक कादंबरी पुढें करितात. आम्ही बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा लहानसा ग्रंथ सुचवितों. सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ सालीं शिक्षा झाली. त्या निमित्तानें वृत्तपत्रांत समस्त स्त्रीजातीवर जें तोंडसुख घेतलें गेलें, त्यास बाईंनीं १८८२ सालीं हें उत्तर दिलें. जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली. तरी ग्रंथ विस्मृतींत गेला, तो १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध केला. भाषा तिखट आहे. कांहीं ठिकाणीं आम्हांसही झोंबली. पुरुषाच्या दोषांस स्वभाव व स्त्रीच्या दोषांस पाप म्हणण्याची खोड अद्याप गेली कोठें? एक प्रत घरीं आणावी, आधीं आपण वाचावी, आणि मग मुलाच्या हातीं द्यावी.