सोबत्यांची चौथाई

विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्याय्यांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात प्राप्त होतो, असा हिशेब एका जुन्या संस्कृत सुभाषिताने मांडून ठेवला आहे; आणि आपल्या विद्यापीठांतून ज्या मिश्र अध्यापनपद्धतीची अंमलबजावणी चालली आहे तिच्याकडे पाहताना मला वारंवार त्या तिसऱ्या हिश्शाची काळजी वाटते. आचार्यांचे व्याख्यान चित्रफितीत साठवता येते, बुद्धी ज्याची त्याच्यापाशी असते, काळ कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. परंतु शेजारच्या बाकावरून मिळणारी ती चौथाई कोणत्या खात्यात जमा व्हावी, याचा विचार वेळापत्रके आखणाऱ्यांकडून फारसा होताना दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या मसुद्यात प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकवावा, अशी सूचना होती. या सूचनेशी माझे वैर नाही. कारखान्यात पाळी करून शिकणारा तरुण, गावाहून सकाळची एकच एसटी मिळते म्हणून पहिला तास नित्य चुकवणारी मुलगी, यांना ती सवलत मोलाचीच आहे. शिवाय महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले तेव्हापासून घरी वाचायची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रावरची संमंत्रण सत्रे, असे मिश्रणच तेथे चालत आले आहे. पस्तिशी उलटलेली एखादी स्त्री त्या सत्राला येते तेव्हा ती केवळ शंका विचारायला येत नाही. घरी ती कोणाची सून असते, कोणाची वहिनी, कोणाची आई. तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारी आणि ‘तुमचं हे प्रकरण वाचून झालं का?’ असे विचारणारी चार माणसे आठवड्यातून एकदा तिला तेथे भेटतात, आणि आपण विद्यार्थिनी आहोत ही गोष्ट त्या प्रश्नामुळे तिला खरी वाटू लागते. अर्जावर छायाचित्र चिकटवल्याने आणि शुल्काची पावती हाती पडल्याने जी ओळख मिळते ती दप्तरातली; ही ओळख दुसऱ्याने द्यावी लागते.

काही महिन्यांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या एका प्रत्यक्ष तासाला मी उपस्थित होतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीने प्रश्न विचारताच दुसरी चमकून तिच्याकडे वळली, आणि केवळ आवाजावरून तिला ओळखून म्हणाली, ‘अगं, तू आमच्याच गटातली ना?’ त्यांच्या चौघींच्या गटाने मिळून एक प्रकल्प सादर केला होता, त्याचे गुणही त्यांना मिळाले होते. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत नावाचे आद्याक्षर आणि खाली नोंदणी क्रमांक, एवढ्यावरच त्यांचे सहाध्ययन पार पडले होते. मला त्या मुलींचा दोष दिसला नाही. पण तो प्रकल्प कसा उतरला असेल हे पाहण्यासाठी मी तो मागून घेतला, आणि भीती होती तेच आढळले. चौघींनी चार प्रकरणे वाटून घेतली होती, एकीने ती जोडली होती, आणि दुसऱ्या प्रकरणातले विधान चौथ्या प्रकरणात सरळ खोडले गेले होते, तरी त्याची दखल कोणी घेतली नव्हती.

कारण एकत्र अभ्यास म्हणजे कामाची वाटणी नव्हे. ‘मला हे समजलं नाही’ अशी कबुली आणि ‘तुझं हे चुकतं आहे’ अशी हरकत, या दोन गोष्टींवर तो उभा असतो, आणि त्या दोन्ही अनोळखी माणसापाशी सहसा होत नाहीत. मोबाइलवर विद्यार्थ्यांचे गट असतात, हे मला ठाऊक आहे. परंतु तेथे देवघेव होते ती बहुधा तयार उत्तरांची, मुदतीच्या तारखांची. अडलेल्या जागेवर दोघांनी अर्धा तास डोके घालायचे, तर आधी त्या दोघांत काही ऋणानुबंध निर्माण व्हावा लागतो. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाने विषयनिवडीचे जे स्वातंत्र्य दिले, आणि ते मला मनापासून इष्ट वाटते, त्याने जुनी तुकडीही विस्कळीत केली आहे. तासागणिक मंडळी बदलतात, आणि तीन वर्षे एकमेकांचे अक्षर ओळखणारे सोबती आता आपोआप लाभत नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र काम करीत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. ती मुले घरून जी ओळख घेऊन आली होती तिच्यापेक्षा वेगळी ओळख त्यांना त्या पंगतीत मिळाली, आणि ती मिळावी अशी योजना जाणीवपूर्वक केलेली होती. आज प्रत्येकाला वसतिगृह देता येणार नाही, परंतु योजना करता येईल.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्यक्ष वर्गाचे जे तास उरतात ते पुन्हा व्याख्यानांत खर्च करू नयेत. व्याख्यान घरी ऐकता येते. सत्राचे पहिले दोन आठवडे पूर्णतः प्रत्यक्ष असावेत, गट त्याच काळात ठरावेत, चौघा-पाचांहून मोठे नसावेत आणि सत्रभर मोडू नयेत. गटाने कोणत्या प्रश्नावर वाद घातला आणि कोणाच्या सांगण्यावरून कोणाचे मत बदलले, याची नोंद त्यांनी स्वतः लिहावी, आणि अंतर्गत गुणांतला काही वाटा त्या नोंदीला मिळावा. प्राध्यापकांना याचा भार होईल, हे खरे आहे; तो त्यांच्या कार्यभारात रीतसर मोजला गेला पाहिजे, अन्यथा हे सारे कागदावरच राहील. आणि ग्रंथालयाशेजारची एखादी खोली संध्याकाळी आठपर्यंत उघडी राहावी, कारण पाळी संपवून येणाऱ्याला आणि घरचे आवरून येणारीला दुसरी वेळ नसते. येत्या जूनची वेळापत्रके अद्याप ठरायची आहेत. त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहील, एवढे तरी त्यांत लिहिलेले असावे.