सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये. २०२३ साली राज्याने 'नमो शेतकरी'तून तेवढीच भर घातली. पेरणीच्या तोंडावर खात्यात २,००० पडले की कपाशीच्या बियाण्याची बॅग रोखीने येते, सावकाराच्या ओट्यावर ताटकळावे लागत नाही. याला 'फुकटचे' म्हणणाऱ्यांनी एकदा खताची पावती बघावी!

पण मित्रांनो, हा पैसा जमिनीची नोंद बघून येतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४च्या भूमिहीन सत्याग्रहानंतरही गायरान कसणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. राबणे तेच, दुष्काळही तोच, हप्ता नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला तर ही योजना शेतकरीच मानत नाही. म्हणून नुसते 'हप्ता वाढवा' म्हणू नका. आधी गायरानाचे पट्टे मागा, तेही नवरा-बायको दोघांच्या नावाने.