तिजोरीच्या दोन किल्ल्या

परवा नसरापूर भागातल्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. निवृत्त बँक अधिकारी आणि वर चार-दोन कादंबऱ्या नावावर, एवढ्या भांडवलावर अशी आमंत्रणे येतात. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या वाड्यावस्त्यांमधून मुले तिथे एसटीने, वडापच्या जीपने, काही चक्क पायी येतात. पाहुणे यायला उशीर होता म्हणून व्हरांड्यात फिरत होतो, तर मुख्याध्यापकांच्या दाराला लागून एक पत्र्याची पेटी दिसली. ‘तक्रारपेटी’. कुलूप गंजलेले. किल्ली कुणाकडे असते, म्हणून विचारले. शिपाई म्हणाला, “मोठ्या सरांकडं.” मोठे सर म्हणाले, “क्लार्ककडे असेल.” क्लार्क नुसता हसला.

मला काही हसू आले नाही. माझा सारा जन्म किल्ल्या सांभाळण्यात गेला. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. इतक्या वर्षांत एकाही कॅशियरने मला “साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?” असे विचारले नाही. तपासणी अधिकारी न कळवता यायचा, नोटा मोजायचा, चहा पिऊन जायचा. अपमान कुणाचाच होत नसे. शाळेत मात्र एखाद्या आईने विचारून पाहावे, की लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेते, किंवा नव्या माणसाची पोलीस पडताळणी झाली का? लगेच उत्तर येते, “आमच्या शाळेवर अविश्वास?” नोटांच्या बाबतीत जी शिस्त, तीच पोरांच्या बाबतीत अब्रूवरचा घाला. हा ताळेबंद मला कधी जुळवता आला नाही.

ऑगस्ट २०२४ मधले बदलापूर वाचकांच्या स्मरणात असेल. बालवर्गातल्या दोन मुली, आणि आरोप शाळेच्याच कंत्राटी सफाई कामगारावर. तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पालक पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळले. २० तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मग मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, पेढे वाटले गेले, आणि पुष्कळांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटले. पण पोलिसांना कळवले नाही म्हणून संस्थेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला होता, ही गोष्ट पेढ्यांच्या गोडीत कुणाच्या लक्षात राहिली नाही. मला ती राहिली. त्याला कारण आहे.

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. तेव्हा बँकेचा मॅनेजर म्हणजे डॉक्टर आणि मामलेदारांच्या पंगतीतला माणूस. गावातल्या शाळेच्या समितीवरही आपोआप नाव लागायचे. एक शेतकरी खातेदार केबिनमध्ये आला. बसेना. म्हणाला, “साहेब, पोरगी शाळेत जायचं न्हाई म्हनती. त्या मास्तरांचं नाव काढलं की रडती.” मी त्याला पाणी दिले, आणि संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. रात्री आम्ही पाच शहाणी माणसे बसलो. गावात बभ्रा नको, मुलीच्याही लग्नाचा प्रश्न आहे, संस्था पन्नास वर्षांची आहे. त्या शिक्षकाची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली करून टाकली. म्हणजे काय केले, हे आज कळते. बनावट नोट सापडली, तर ती पुन्हा चलनात जाऊ द्यायची नाही, हे ज्याला पाठ, त्याने हा माणूस दुसऱ्या गावच्या मुलींकडे पाठवला. मुलीची शाळा सातवीतच सुटली. बाप पुढेही हप्ता भरायला यायचा. माझ्या काचेपुढून जाताना मान वर करत नसे.

पॉक्सो कायदा २०१२चा. तो तेव्हा असता, तर आम्ही पाचही जण गुन्हेगार ठरलो असतो. असा प्रकार कळला, नुसती शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवणे या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर वर्षापर्यंत कैद आहे. आधी घरात चौकशी करू, मग बघू, याला जागाच ठेवलेली नाही. आई-बापांना धास्ती असते ती पोरीला चौकीवर न्यावे लागेल याची. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलिसाने गणवेश घालून यायचे नाही, आणि नाव-गाव छापणे हाच गुन्हा आहे. १०९८ हा फोन क्रमांक मुलांसाठीच आहे, तो फुकट लागतो. हे तालुक्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला माहीत हवे. वकिलांना माहीत असून काय उपयोग?

सरकारने काही केले नाही, असे नाही. २०१७ मध्ये तक्रारपेट्यांचा आदेश निघाला, २०२२ मध्ये सखी-सावित्री समित्यांचा. बदलापूरनंतर कॅमेऱ्यांचा, एका महिन्याच्या मुदतीचा. कॅमेरे हवेतच. पण वर्गातला कॅमेरा जीपमध्ये मागच्या बाकावर बसलेली मुलगी पाहत नाही. आणि पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी लावली, तर तिच्यात चिठ्ठी टाकणारे मूल साऱ्या व्हरांड्याला दिसते. ती जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ हलवायला खर्च येतो दोन खिळ्यांचा. किल्ल्या दोन असाव्यात, आणि दुसरी शाळेबाहेरच्या माणसाकडे, शक्यतो एखाद्या आईकडे. बँकेत मी यापेक्षा अवघड काही शिकलो नाही.

समारंभ संपल्यावर मी किल्लीचा विषय पुन्हा काढला. जरा आगाऊपणाच झाला म्हणा, पाहुण्याने असे करू नये. क्लार्कने तीन खण उपसून किल्ली शोधली, कुलपात खोबरेल घातले. पेटीत एकच चिठ्ठी निघाली, वहीच्या चौकटीच्या कागदाची. तारीख नव्हती, नाव नव्हते. ‘मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही.’

मोठ्या सरांनी ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. पुढच्या सोमवारी मी पुन्हा तिकडे जाणार आहे, कडी बसली का ते पाहायला.