विश्लेषण : ‘४.३ जीपीए आहे, बर्कली मिळेल का?’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर का नसतं?

दर मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या घराघरांत हाच गोंधळ दिसतो. एका मुलीला बर्कलीने नाकारलेलं असतं, पण यूसीएलएने घेतलेलं असतं. तिच्याच वर्गातल्या, तिच्याइतकेच गुण असलेल्या मुलाचं नेमकं उलट झालेलं असतं. फ्रीमॉन्ट, क्युपर्टिनोसारख्या भागांतल्या मराठी पालकांना हे फार खटकतं. आपल्याकडे एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल कळला की मागच्या वर्षीचा कटऑफ काढून ‘सीओईपी अवघड, पण व्हीजेटीआय बघू’ असा अंदाज बांधता येतो. तोच हिशोब युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (यूसी) लावला की तो चुकतो.

यूसी हे सरकारी विद्यापीठ आहे आणि पदवीचं शिक्षण त्याच्या नऊ कॅम्पसमध्ये मिळतं. २०२४ च्या प्रवेशासाठी यूसीएलएकडे बारावीतून येणाऱ्यांचे सुमारे १ लाख ४६ हजार अर्ज आले आणि १३ हजारांच्या आसपास मुलांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे जेमतेम ९ टक्के. बर्कलीत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं.

मग आपल्या मुलाची शक्यता ९ टक्के समजायची का? नाही. ९ टक्के ही सगळ्या गर्दीची सरासरी आहे. त्या गर्दीत ज्यांना जवळपास शून्य संधी होती तेही आहेत आणि ज्यांना कोणताही कॅम्पस घेईल असेही आहेत. तुमचं मूल त्यात कुठे बसतं, हे सरासरी सांगत नाही.

जीपीए काय सांगतो?

वाटतो त्यापेक्षा कमी. यूसी दहावी आणि अकरावीच्या गुणांवरून जीपीए काढते. ‘ए’ ला ४, ‘बी’ ला ३. ए-मायनस आणि ए यांत फरक धरला जात नाही. एपी किंवा ऑनर्सच्या विषयाला एक गुण जादा मिळतो, पण जास्तीत जास्त आठ सत्रांसाठीच.

या मर्यादेमुळे एक गंमत होते. दोन वर्षांत विषयांची २० सत्रं केली आणि सगळीकडे ए मिळाला, तर बेरीज ८० अधिक ८, म्हणजे ८८, आणि जीपीए ४.४. दुसऱ्या मुलीने शाळेच्या वाद्यवृंदासह २४ सत्रं केली, तिलाही सगळीकडे ए. तिची बेरीज १०४ आणि जीपीए ४.३३. जास्त विषय करणारीचा आकडा कमी! म्हणून ४.३३ आणि ४.४ ची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. शिवाय यूसीएलएकडे येणाऱ्या अर्जांत या पट्ट्यातली मुलं इतकी असतात की त्यांतल्या बहुतेकांना नकारच मिळतो.

एसएटीने हा घोळ सुटला असता, पण २०२१ पासून यूसी प्रवेशासाठी एसएटी-एसीटीचे गुण पाहतच नाही. त्यावरचा वाद पुन्हा तापला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. यूसी सॅन डिएगोच्या एका अंतर्गत समितीने सांगितलं, की गणित हायस्कूलच्या पातळीपेक्षा कच्चं असलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या २०२० ते २०२५ या काळात जवळपास तीसपट झाली आणि त्यांतल्या अनेकांना शाळेत गणितात चांगले गुण होते. कारणांत कोविडही आहे आणि शाळांनी सढळ हाताने दिलेले गुणही. आपल्या प्रश्नापुरतं सांगायचं तर, जीपीए आता पूर्वीइतका वजनदार पुरावा राहिलेला नाही, हे अर्ज वाचणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

मग निर्णय कशावर होतो?

अर्ज वाचताना १३ निकष असतात आणि त्यांना ठरलेलं वजन नाही. गुण, विषय किती कठीण घेतले, शाळेत काय उपलब्ध होतं, घरची परिस्थिती, आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची उत्तरं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप नाही आणि १९९६ च्या प्रस्ताव २०९ मुळे वंशाचा विचार करता येत नाही.

यांतली शाळेची बाब पालक सर्वात कमी लक्षात घेतात. अर्ज आधी त्या शाळेच्या संदर्भात वाचला जातो. यूसीच्या एका नियमानुसार, सहभागी शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांत बसणाऱ्या पात्र मुलांना कोणत्या ना कोणत्या कॅम्पसमध्ये जागेची हमी असते. (आवडत्या कॅम्पसची नव्हे. ही जागा बहुधा मर्सेडला मिळते.) सिलिकॉन व्हॅलीतल्या स्पर्धेच्या शाळेत सगळे ए असूनही मूल या ९ टक्क्यांबाहेर राहू शकतं. चांगल्या शाळेसाठी महाग घर घेतलेल्या पालकांना हे पचणं कठीण जातं, पण नियम तसाच आहे.

दुसरी बाब विषयाची. बर्कलीत २०२३ पासून संगणकशास्त्रासाठी सुरुवातीलाच निवड व्हावी लागते आणि तिथलं प्रमाण विद्यापीठाच्या सरासरीच्या बरंच खाली आहे. ‘आधी दुसऱ्या विषयात शिरू, मग बदलू’ ही युक्ती तिथे फारशी चालत नाही. उलट यूसीएलएच्या कला-विज्ञान शाखेत निवडताना विषय पाहिला जात नाही, अभियांत्रिकीत मात्र पाहिला जातो. म्हणजे त्याच मुलाची शक्यता एकाच कॅम्पसवरही रकाना बदलला की बदलते.

पाच ठिकाणी अर्ज केला तर?

प्रत्येक ठिकाणी १० टक्के शक्यता धरली, तर पाच ठिकाणची मिळून ५० टक्के होत नाही. निकाल एकमेकांशी संबंध नसलेले असते तर ती सुमारे ४१ टक्के झाली असती. पण सगळीकडे तोच अर्ज, तीच चार उत्तरं जातात. एका ठिकाणी जे कमी पडलं ते दुसऱ्या ठिकाणीही कमी पडण्याची शक्यता असते, त्यामुळे खरा आकडा ४१ च्याही खाली येतो. पाच अतिअवघड कॅम्पस निवडून ‘कुठे ना कुठे लागेलच’ म्हणणं धोक्याचं आहे. यादीत रिव्हरसाइड, मर्सेड, सांताक्रूझ यांपैकी काही असणं हाच खरा आधार.

अंदाज बांधायचाच असेल तर एक जागा उपयोगी आहे. यूसीच्या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेतून कोणत्या कॅम्पसला किती अर्ज गेले आणि किती मुलांना प्रवेश मिळाला, हे वर्षनिहाय मिळतं. आपल्या शाळेची तीन-चार वर्षं पाहावीत. शेजारच्यांच्या मुलाच्या गोष्टीपेक्षा ते कितीतरी बरं.

पुण्या-मुंबईतून अर्ज करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. यूसीने २०१७ मध्ये राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा आणली. बर्कली, यूसीएलएसारख्या कॅम्पसवर प्रमाण त्याहून जास्त होतं, ते आधी गोठवलं आणि पुढे राज्य सरकारने पैसे देऊन कमी करायला लावलं. किमान जीपीएची अटही ३.० ऐवजी ३.४ आहे आणि फी वर्षाला ३७ हजार डॉलरहून अधिक जास्त. त्यामुळे ‘मिळेल का’ च्या आधी ‘परवडेल का’ हे विचारलेलं बरं.

कॅलिफोर्नियातल्यांना मात्र आणखी एक दार आहे, ज्याकडे मराठी घरांत जरा कमीपणाने पाहिलं जातं : दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग बदली. यूसीएलएत बदलीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण चारातल्या एकाला प्रवेश मिळतो. डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांच्यासह सहा कॅम्पस तर ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केल्यास बदलीच्या प्रवेशाची लेखी हमी देतात. मात्र बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्या यादीत नाहीत आणि हमी देणाऱ्या कॅम्पसवरही संगणकशास्त्रासारखे काही विषय वगळलेले असू शकतात, तेवढं त्या वर्षीच्या यादीत आधी तपासून घ्यावं.