नेटवर्क शुल्काआधी खर्च मांडा



मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी नेटवर्क वापरल्याचे पैसे द्यावेत, अशी मागणी ‘सीओएआय’ ही दूरसंचार कंपन्यांची संघटना गेली काही वर्षे लावून धरत आहे. डेटा अनेक पटींनी वाढला, म्हणजे खर्चही वाढला, असे त्यांचे म्हणणे. तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड पुरवणारा म्हणून सांगतो, मुळात हा हिशोबच चुकतो आहे.

बँडविड्थ विकत घेताना पैसे जीबीचे मोजावे लागत नाहीत, एमबीपीएसचे, म्हणजे वेगाचे मोजावे लागतात. जगभर रूढ पद्धत अशी : दर पाच मिनिटांनी लाइनवरच्या वेगाची नोंद घ्यायची. तीस दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के, म्हणजे ३६ तासांच्या, सोडायच्या आणि उरलेल्यांत जी सर्वांत मोठी तिच्यावर बिल काढायचे. रात्री आठ ते अकरा घरोघरी व्हिडिओ चालतात. हे तास महिन्याला ९० भरतात. ३६ वजा केले तरी बिल त्यांच्यावरच ठरते. पहाटे तीनला कुणी पन्नास जीबीचा गेम उतरवला तर आमचा खर्च एका पैशानेही वाढत नाही, कारण तेव्हा लाइन रिकामीच असते. शिवाय यूट्यूब, नेटफ्लिक्स यांचे कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवणारी यंत्रे, मोठ्या पुरवठादारांच्या केंद्रांतच बसवलेले असतात. तिथून आलेला व्हिडिओ महागड्या लाइनवर येतच नाही.

खरा पैसा जातो तो जमिनीत. खोदाईची परवानगी, रस्ता दुरुस्तीचे शुल्क, खांबांचे भाडे, जेसीबीने फायबर तोडली की स्प्लायसिंग. ग्राहक महिन्याला दहा जीबी वापरो की हजार, हा खर्च तेवढाच राहतो, आणि ग्राहक त्याचे पैसे दरमहा देतोच.

दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये डेटा पाठवणाऱ्या नेटवर्कने तो घेणाऱ्या नेटवर्कला पैसे देण्याचा नियम केला. ट्विच या लाइव्ह व्हिडिओ सेवेने तिथे आधी व्हिडिओचा दर्जा ७२०पीपर्यंत उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सेवाच बंद केली. बहुतेक देशांच्या तुलनेत तिथले नेटवर्क शुल्क दहापट असल्याचे कारण कंपनीने दिले. भुर्दंड पडला प्रेक्षकांना.

आपल्याकडे असे शुल्क आले तर मोठ्या दूरसंचार कंपन्या घासाघीस करून ते वसूल करतील. आमच्यासारख्या छोट्यांशी बोलायला कोण येणार? म्हणून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने आधी या कंपन्यांकडून तीन आकडे मागवून जाहीर करावेत : गर्दीच्या वेळचा भार, दर एमबीपीएसमागचा खर्च आणि कॅशेतून भागणारी रहदारी. ते लोकांसमोर येईपर्यंत शुल्काचा प्रस्ताव विचारात घेऊ नये.

– एक स्थानिक ब्रॉडबँड पुरवठादार, सातारा जिल्हा