डॉलर आले, पाणी कुठंय?

एखाद्या टाउनशिपमध्ये परदेशी फंडाने अमुक इतके कोटी टाकले अशी बातमी आली, की आमच्या लंच टेबलवर लगेच ‘आता शहर सुधारणार’ सुरू होतं. मला सांगा, इमारत आणि शहर एकच असतं का?

जरा नियम बघू. मार्च २००५ मध्ये सरकारने टाउनशिप आणि घरबांधणीत १०० टक्के परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने खुली केली. किमान ५०,००० चौरस मीटर बांधकाम हवं, कंपनी पूर्ण परदेशी मालकीची असेल तर किमान १ कोटी डॉलर हवेत, आणि तीन वर्षं पैसे काढायचे नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये हे आकडे २०,००० चौरस मीटर आणि ५० लाख डॉलरवर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये दोन्ही अटी गेल्याच.

आता बाहेर पडायची अट वाचा, पण इंजिनिअरच्या नजरेने. प्रकल्प पूर्ण झाला, किंवा रस्ते-पाणी-दिवे-ड्रेनेज झालं, किंवा तीन वर्षं झाली. सगळीकडे ‘किंवा’! तिसरी कंडिशन तर नुसत्या कॅलेंडरवर खरी होते. असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण पास करू?

आमच्या टाउनशिपच्या ब्रोशरवर परदेशी फंडाचं नाव ठळक छापलं होतं. पाइप आहेत, झकास नळ आहेत, स्विमिंग पूलसुद्धा आहे. पाणी मात्र टँकरने येतं आणि मेंटेनन्सच्या बिलातून वसूल होतं. फंड केव्हाच घरी गेला.

मी स्वदेशीवाला वगैरे नाही हो. (देशी बिल्डर काय दिवे लावतात ते सगळ्यांना माहीत आहे.) मुंबईची मेट्रो ३ घ्या. तिथेही परदेशी पैसा आहे, जपानच्या जायकाचं कर्ज. खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या वर गेला, त्यावर जरूर बोंबला. पण ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अख्खी लाइन चालू आहे, तिकीट काढून कोणीही बसू शकतो, आणि जपानला पैसे परत केले तरी बोगदा इथेच राहणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ती तिसरी ‘किंवा’ काढा. आणि ‘पाणीपुरवठा झाला’ म्हणजे पाइप टाकले असं नाही, नळाला पालिकेचं किंवा प्राधिकरणाचं पाणी आलं असं धरा. ते येईपर्यंत पैसे आत.

‘मग गुंतवणूकदार येणारच नाहीत’ हे उत्तर ठरलेलं आहे. अहो, २००५ च्या अटी आजच्यापेक्षा कडक होत्या, तरी पुढची तीन वर्षं या धंद्यात परदेशी पैसा धो धो आला. पाण्याची हमी मागितल्यावर पळणारा फंड असेल, तर तो फ्लॅट बुक करायच्या आधीच पळालेला बरा.